बोटच तर आहे!

आपल्याकडे दुखण्यांचीही एक उतरंड असते. छातीत दुखलं की सगळं घर हलतं. कंबर, मान, गुडघे यांना निदान चौकशीचा मान असतो. दातदुखीवर तर ज्याला त्याला बोलायचं असतं. आणि या उतरंडीच्या अगदी तळाशी असतं बिचारं बोट. "काय झालं हो?" "काही नाही, बोटाला लागलंय." "हात्तिच्या! मला वाटलं काय झालं..." संपला विषय.

मला या "हात्तिच्या"बद्दलच लिहायचंय. गेल्या काही महिन्यांत आमच्या घराण्यात एका बोटावर जेवढी चर्चा झाली, तेवढी एखाद्या लग्नाच्या याद्यांवरही झाली नसेल. त्या निमित्ताने मी बरंच वाचलं, एका फिजिओथेरपिस्टबाईंना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, आणि माझं एक ठाम मत झालं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच भांडायला सुरुवात करता येईल :) वाकड्या झालेल्या बोटाचा उपचार दवाखान्यात फार थोडा होतो. बराचसा होतो स्वयंपाकघरात, मोरीत, अंथरुणात. आणि तो यशस्वी होणार की नाही, हे पुष्कळदा घरातली बाकीची माणसं ठरवतात.

आता सविस्तर.

आधी एक गंमत करून बघा. उजवा हात टेबलावर ठेवा आणि पेटी वाजवल्यासारखी बोटं हलवा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरून ठेवा. आत काहीतरी वळवळतंय ना? बोटं हलतात ती तिथून. बोटांमध्ये वाकवणारे-उघडणारे स्नायू नसतातच. काही लहान स्नायू तळहातात असतात आणि मोठे सगळे कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. तिथून निघालेल्या दोऱ्या मनगटावरून बोटांच्या टोकापर्यंत जातात. या दोऱ्यांना म्हणतात टेंडन, मराठीत कंडरा. म्हणजे आपला हात ही चक्क एक कळसूत्री बाहुली आहे. एका हातात २७ हाडं, त्यांतली १४ नुसत्या बोटांची, आणि त्यांच्या वर-खाली या दोऱ्यांची जाळी. वरच्या दोरीने बोट सरळ होतं, खालच्या दोरीने मिटतं. यातली एक दोरी तुटली किंवा घसरली की दुसरी जिंकते आणि बोट वाकडं होतं. एवढंच ते गणित.

यातली सगळ्यात नाजूक दोरी बोटाच्या शेवटच्या पेराला, नखाच्या जरा मागे, वरच्या बाजूने चिकटलेली असते. जाडी साधारण १ मिलिमीटर. ती तुटायला अपघातच व्हायला हवा असं नाही. सरळ ताठ धरलेल्या बोटाच्या टोकावर काहीतरी आदळलं आणि ते टोक एकदम खाली वाकलं की पुरे. क्रिकेटमध्ये कॅच घेताना बोटाच्या टोकावर बॉल बसतो तेव्हा हे होतं. पण गादीखाली चादर खोचतानाही होतं! घट्ट मोजा ओढताना होतं. मग बोटाचं टोक खाली लोंबतं, मान टाकल्यासारखं. दुसऱ्या हाताने सरळ करा, होतं. सोडा, पुन्हा खाली. याला मॅलेट फिंगर म्हणतात.

आमच्या मावशीचं नेमकं हेच झालं. (कुठली मावशी हे घरच्यांनी ओळखलं असेलच. तिला विचारूनच लिहितेय. "लिही, पण माझ्या चादरीचा रंग लिहू नकोस" एवढीच अट आहे.) चादर खोचताना उजव्या हाताचं मधलं बोट कुठेतरी अडकलं, बारीकसा 'कट्' असा आवाज आला, आणि टोक खाली आलं. दुखलं म्हणावं तर तसं फार नाही. या दुखण्याची खरी लबाडी हीच आहे की बरेचदा ते पुरेसं दुखत नाही. दुखलं असतं तर ती त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली असती. त्याऐवजी आंबेहळद झाली, रक्तचंदन उगाळून झालं, शेजारच्या काकूंच्या ओळखीतल्या हाडवैद्याचा पत्ता आला, आणि "जरा ओढून बघ गं, उतरलं असेल" हा सल्ला तर दारात आलेल्या प्रत्येकाने दिला. बाराव्या दिवशी तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथे एक्स-रे काढला. तो काढावाच लागतो, कारण कधीकधी दोरी एकटी तुटत नाही, हाडाचा छोटा तुकडा घेऊन निघते. तो तुकडा मोठा असेल किंवा सांधाच जागचा सरकला असेल तर तार घालण्याचा, शस्त्रक्रियेचा विचार करतात. मावशीचं हाड शाबूत होतं. मग उपचार काय? तर एक प्लास्टिकची टोपी. बोटाचं टोक आत सरकवायचं आणि वरून चिकटपट्टी लावायची. तिला स्टॅक स्प्लिंट म्हणतात. किंमत म्हणाल तर दोन माणसांच्या उडप्याकडच्या नाश्त्याएवढी.

"बस, एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच," फिजिओबाई म्हणाल्या, "पण आठ आठवडे. दिवसरात्र. आणि या आठ आठवड्यांत हे टोक एकदाही, एका सेकंदासाठीही खाली पडता कामा नये. पडलं, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात."

इथे माझे कान टवकारले. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, म्हणजे १३४४ तास. औषधाची गोळी एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी घेता येते. हा उपचार ५० व्या दिवशी चुकला तरी शून्यावर येतो. सापशिडीतला ९८ वरचा साप म्हणतात तो हाच! कारण सरळ आहे. तुटलेल्या दोरीची टोकं जवळ आणून ठेवली तर शरीर त्यांना आपलं आपण सांधतं. सांधणारा तो नवा धागा आधी फार कच्चा असतो. टोक वाकलं की ताणला जातो, तुटतो, किंवा लांब होऊन बसतो. लांब झालेली दोरी मग जन्मभर ढिली.

बाईंनी आणखी तीन गोष्टी शिकवल्या. एक, स्प्लिंट धुवायला काढायची तर हात टेबलावर पालथा ठेवायचा, बोट टेबलाला टेकलेलंच ठेवून टोपी सरकवून काढायची, कातडी पुसून कोरडी करायची आणि तशीच परत चढवायची. आतली कातडी ओली राहिली तर पांढरी पडते, सोलवटते. शक्यतो दुसऱ्या कुणीतरी मदत करायची. दोन, मधला सांधा मोकळा आहे, तो दिवसातून अनेकदा वाकवायचा, नाहीतर एक सांधा वाचवताना दुसरा आखडायचा. आणि तीन, चेंडू पिळायचा नाही!

हे तिसरं खास आमच्यासाठी होतं, कारण काका तोवर दुकानातून मऊ रबरी चेंडू घेऊन आलेही होते. हाताचं काहीही झालं की आपण हातात चेंडू देतो. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम, व्यायाम म्हणजे जोर, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की 'हलवू नका' हीसुद्धा फिजिओथेरपी असू शकते हे पटतच नाही. मॅलेट फिंगरमध्ये त्या आठ आठवड्यांत चेंडू म्हणजे शत्रू. मूठ मिटली की टोक वाकणार आणि आतलं शिवणकाम उसवणार.

आणि सगळ्या वाकड्या बोटांना एकच नियम लागू होतो असंही नाही. नखाजवळच्या सांध्याऐवजी मधल्या सांध्यावरची पट्टी फाटली तर चित्र वेगळं दिसतं. बाजूच्या दोन पट्ट्या खाली घसरतात आणि मधून सांधा वर येतो, काजातून गुंडी बाहेर यावी तसा. त्याला नावच बूतोनियेर आहे, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ काज. यात मधला सांधा वाकतो आणि टोक उलट मागे जातं. इथे मधला सांधा साधारण सहा आठवडे सरळ बांधून ठेवायचा आणि टोक मात्र मुद्दाम, रोज, मोजून वाकवायचं. म्हणजे मॅलेटच्या बरोबर उलट! शिवाय हे व्यंग पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, एकदोन आठवड्यांनी हळूहळू उमटतं. तोवर "बोट मुरगळलंय, बसेल" म्हणून आपण निवांत. एका बोटाचा व्यायाम दुसऱ्या बोटाचं नुकसान करतो, तो असा. म्हणून मोबाइलवर फिरणारे 'बोटांसाठी सात सोपे व्यायाम' बघितले की मला धडकी भरते. कुठल्या बोटासाठी? कुठल्या आठवड्यात? ते आधी सांगा, मग सात काय सत्तर करू.

पण वाकडं दिसलं की ओढून सरळ करावं, ही ऊर्मी मात्र माणसाला फार आतून येते. यावरून मला डॉ. पॉल ब्रँड आठवतात. १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा सर्जन १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरोग्यांची बोटं पंज्यासारखी आत वळलेली का असतात, हा प्रश्न त्यांनी धरला. लोक समजत होते की हात सडतो. ब्रँड यांनी दाखवलं की रोगाने नसा मरतात, त्यामुळे हातातले लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटं वळतात. शिवाय संवेदना गेल्यामुळे भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि जखमांनी बोटं झिजतात. कोपराखालचे काही मोठे स्नायू मात्र शाबूत असतात. मग त्यांतल्या एकाची दोरी सोडवून बोटांना जोडायची, अशा शस्त्रक्रिया त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरला केल्या.

आपल्या विषयाशी संबंध असलेली गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची आहे. वर्षानुवर्षं आखडलेली बोटं आधी सैल करायला हवीत. ती जोर लावून सरळ केली तर आतले धागे फाटतात, तिथे व्रण धरतो आणि सांधा आणखी आखडतो. ब्रँड यांनी बोटाला प्लास्टरची पातळ नळी घालायची पद्धत वापरली. बोट जेवढं आपणहून सरळ होईल तेवढंच धरायचं, काही दिवसांनी नळी काढून नवी घालायची, त्या वेळी ते किंचित जास्त सरळ झालेलं असतं. पुन्हा तेच. ताण थोडा, वेळ मोठा. शस्त्रक्रियेनंतर मग फिजिओथेरपीची पाळी. एका कामासाठी असलेल्या स्नायूला मेंदूने दुसरं काम शिकवायचं. ते घडायला कित्येक आठवडे रोज मेहनत लागे. चाकू सर्जनचा असला तरी हात परत मिळे तो या मेहनतीने. जगभर हाताच्या उपचारांची जी शास्त्रं शिकवली जातात त्यांत ब्रँड यांच्या या कामाचा वाटा मोठा आहे, आणि ते घडलं आपल्या देशात, सगळ्यात गरीब, सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या माणसांच्या बोटांवर. आपण "बोटच तर आहे" म्हणतो तेव्हा हे आठवायला हरकत नाही. बोटं परत मिळाली की त्या माणसाला ताट धरता यायचं, अवजार धरता यायचं, कमावता यायचं.

महाराष्ट्रालाही या बाबतीत परंपरा नाही असं नाही. हाताच्या स्प्लिंट बनवणं, रोजची कामं पुन्हा शिकवणं हे काम फिजिओथेरपीइतकंच ऑक्युपेशनल थेरपीचंही आहे. आणि त्याचं भारतातलं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं ते कमला निंबकर यांच्यामुळे. मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी, लग्न होऊन निंबकर झाल्या. (लेखिका जाई निंबकर यांच्या सासूबाई. आपल्यातल्या वाचनवेड्यांना हा धागा आवडेल.) म्हणजे पाऊणशे वर्षं झाली हे शास्त्र आपल्या दारात येऊन. तरीही आपल्याला वाटतं, फिजिओ म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर शेवटी लिहिलेली जोडओळ. गोळ्या न चुकता, आणि 'जमलं तर' व्यायाम.

आता मावशीकडे परत येते, कारण खरी गोष्ट तिथेच घडली.

पहिले तीन आठवडे उत्तम गेले. मग गौरी आल्या. घरात पंधरा-वीस पानं उठायची. मावशीने "दोनच तासांसाठी" टोपी काढली आणि पुरणपोळीची कणीक तिंबली. सवाष्णी जेवून गेल्या, पुरण छान झालं होतं म्हणून सगळ्यांनी सांगितलं, आणि संध्याकाळी बोट पुन्हा मान टाकून बसलं. तीन आठवडे पाण्यात. फिजिओबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला आणि तो मावशीला नव्हता, बरोबर आलेल्या काकांना होता: "घरी कणीक आणखी कुणाला मळता येत नाही का?"

मला वाटतं, बोटाच्या उपचारातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तो केसपेपरवर छापायला हवा.

विचार करा. स्प्लिंट कोरडी ठेवा असं सांगतात. घरातल्या बाईचा हात दिवसातून किती वेळ कोरडा असतो? भांडी, भाज्या, कणीक, कपडे, ओटा. २०१९ साली आपल्या देशात सरकारने वेळ-वापराचं सर्वेक्षण केलं होतं. घरातल्या बिनपगारी कामावर, ते काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास! या पाच तासांतलं बहुतेक काम बोटांचं आणि पाण्याचं. अशा बाईला आपण एक प्लास्टिकची टोपी देतो आणि म्हणतो, बाई गं, हे बोट आठ आठवडे वाकवू नकोस, भिजवू नकोस. आणि मग ते नाही जमलं की म्हणतो, "पेशंट ऐकतच नाही." ती ऐकते हो. पण भाकरी ऐकत नाही.

पायाला प्लास्टर असलं की सगळं घर कामं वाटून घेतं, कारण ते दिसतं. बोटाची टोपी दिसत नाही. उरलेली नऊ बोटं चालू असतात ना! त्यामुळे बाईला स्वतःलाच सांगायला संकोच वाटतो. एवढ्याशा बोटासाठी काय नवऱ्याला कणीक मळायला लावायची? माझं उत्तर: हो, लावायची. कारण स्प्लिंटची खरी किंमत उडप्याकडच्या नाश्त्याएवढी नाहीच. तिची किंमत आहे आठ आठवडे दुसऱ्या कुणाचे तरी हात. ते देणार असाल तर स्प्लिंट आणा, नाहीतर ती नुसती प्लास्टिकची टोपी.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही घरातच ऐकलेत. पहिला: "टोक जरा लोंबतं राहिलं तर काय बिघडतं? आमच्या आजीचं बोट तसंच होतं, ती नव्वदीपर्यंत लाडू वळत होती." यात तथ्य आहे, नाकारणार नाही. थोडं टोक झुकलेलं बोट घेऊन कितीतरी माणसं आनंदाने जगतात. पूर्ण उपचार केला तरी पाच-दहा अंशांचा झुकाव बरेचदा राहतोच. पण कधीकधी हे तिथे थांबत नाही. वरच्या दोरीचा तोल बिघडल्यामुळे कालांतराने मधला सांधा मागे वाकायला लागतो आणि बोट हंसाच्या मानेसारखं होतं. मग मूठ नीट मिटत नाही, आणि तेव्हा टोपीने भागत नाही. दुसरं म्हणजे, चालवून घ्यायचं की बरं करायचं हे त्या बोटाच्या मालकिणीने ठरवावं. काम पडलंय म्हणून तिच्या वतीने घराने ठरवू नये.

दुसरा आक्षेप: "आता फार उशीर झाला." मॅलेट फिंगरच्या बाबतीत तरी हा आक्षेप घाईचा आहे. दोन-तीन महिने उशिरा सुरू केलेल्या स्प्लिंटचाही बऱ्याच जणांना उपयोग होतो. तेव्हा ज्यांच्या घरी असं बोट आहे त्यांनी निदान एकदा हाताचं काम जाणणाऱ्या डॉक्टरला आणि थेरपिस्टला दाखवावं.

मात्र फिजिओथेरपीने सगळं सरळ होतं असाही भ्रम नको. साठीनंतर, विशेषतः बायकांच्या, नखाजवळच्या सांध्यांवर ज्या टणक गाठी येतात (अठराव्या शतकातल्या हेबरडेन या इंग्रज डॉक्टरच्या नावाने त्या ओळखल्या जातात) त्या व्यायामाने विरघळत नाहीत. गरम मेणात हात बुडवल्याने सकाळचा आखडलेपणा आणि दुखणं तात्पुरतं कमी होतं, बोट सरळ होत नाही. (आणि घरी मेणबत्त्या वितळवून हा प्रयोग करू नका, विशेषतः मधुमेहाने हात बधिर झाले असतील तर. भाजलेलं कळणारसुद्धा नाही.) आमवातात, म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, बोटं वाकतात ती सांध्यांच्या आतल्या सुजेमुळे. तिथे आधी औषधं, वेळेवर आणि नियमित. पण त्यांच्या जोडीला हातांचा व्यायाम उपयोगी पडतो याला आता चांगला आधार आहे. इंग्लंडमध्ये अशा ४९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. नेहमीच्या उपचारांना ताण आणि ताकद वाढवणाऱ्या हाताच्या व्यायामांची जोड दिलेल्यांचे हात वर्षभरानंतर जास्त चांगले चालत होते. हंसाच्या मानेसारख्या बोटासाठी इंग्रजी आठच्या आकड्याची अंगठीसारखी स्प्लिंट मिळते, चांदीचीही करतात, दागिन्यासारखी दिसते. बोट मागे जाऊ देत नाही, पुढे मिटू देते. आणि कढई दोन्ही हातांनी उचलणं, लाटण्याची-चमच्याची मूठ कापड गुंडाळून जाड करणं, घट्ट झाकणं दुसऱ्याकडून उघडून घेणं, हाही उपचारच. पुन्हा तेच बघा: यातलं किती घरच्यांच्या हातात आहे!

तर, मावशीचं पुढे काय झालं? मोजणी शून्यापासून सुरू झाली. काकांनी कणीक हाती घेतली. पहिल्या दिवशी ती इतकी सैल झाली की पोळ्यांऐवजी धिरडी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात बरी झाली. मावसभावाने भांडी घेतली, "डिशवॉशर घेऊ या का?" हा प्रश्न त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारला :) रोज रात्री टेबलावर हात पालथा ठेवून टोपी बदलायचा कार्यक्रम दोघं मिळून करायची. मावशी म्हणते, लग्नाच्या चाळीस वर्षांत यांनी माझा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. आठ आठवडे झाल्यावरही एकदम मोकळीक नाही. दिवसा टोपी काढून टोक अगदी थोडं वाकवायचं, दर आठवड्याला जरा जास्त, रात्री मात्र टोपी घालूनच झोपायचं. टोक खाली यायला लागलं तर परत मागे. आता बोट जवळजवळ सरळ आहे. बारकाईने बघितलं तर किंचित झुकलेलं दिसतं, नमस्कार करायला निघाल्यासारखं. मूठ पूर्ण मिटते. सुई ओवता येते. कणीक अजून काकाच मळतात. फिजिओबाईंनी परवानगी देऊन तीन महिने झाले, पण मावशीने ती बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचू दिलेली नाही. (काका हा ब्लॉग वाचत नाहीत. मावसभाऊ वाचतो. त्याने कृपया गप्प बसावं!)

सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. खरं असेल. पण वाकडं झालेलं बोट सरळ करायचं तर एका माणसाच्या बोटाने भागत नाही, घरातली सगळी बोटं कामाला लागतात. तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी "बोटाला लागलंय" म्हणालं, तर आंबेहळद लावा हवी तर, पण ओढू नका. टोक आपणहून सरळ होतंय का ते बघा. नसेल तर आंगठ्या लगेच काढून ठेवा, नंतर सुजेने निघत नाहीत. बोट सरळ धरून दवाखान्यात न्या. आणि तिथून परत आलात की पिठाचा डबा कुठे असतो ते विचारून घ्या.